वाचक विचारतात : फियाटच्या ब्रेकचे पार्ट आता कुठं शोधायचे?

प्रश्न : सर, वडिलांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती, यंदा बाहेर काढली. ब्रेक मारला की पेडल आधी खाली जातं, दोनतीनदा पंप केल्यावर पकडतं, शिवाय गाडी डावीकडे ओढते. पुढचे व्हील सिलिंडर (चाकातले, तेलाच्या दाबानं ब्रेक लावणारे) नवे टाकले तर काही महिन्यांतच गळायला लागले. मेकॅनिक म्हणतो ड्रमचे पार्ट मिळत नाहीत, डिस्क बसवून टाका. खरंच मिळत नाहीत का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मिळतात हो, फक्त कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचे ते दिवस गेले. मुंबईत पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर रबर किट, लायनर (ब्रेक शूवरचा घासणारा थर) कुठंही मिळायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला रजिस्टर झालेली, २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३मध्ये तीही गेली, मग रोजचं गिऱ्हाईकच संपलं तर दुकानदार माल कशाला भरेल?

पण खरेदीच्या आधी एक बघा. पंप केल्यावर पेडल वर येतंय म्हणजे बहुतेक शू (ड्रमला आतून दाबणारी पट्टी) आणि ड्रम (चाकासोबत फिरणारं भांडं) यांच्यात गॅप जास्त आहे नाहीतर लाईनमध्ये हवा आहे. आधी चारही चाकांचं अॅडजस्टमेंट करून घ्या, हवा काढा, त्यात एक रुपयाचाही पार्ट लागत नाही. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठंच गळत नसेल तर मात्र मास्टर सिलिंडरच्या (पेडलनं दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) आतला रबर गेलाय. आणि डावीकडे ओढतेय म्हणजे उजवं चाक कमी पकडतंय, तिकडचा पिस्टन जाम आहे का, लायनर तेलकट झालंय का ते उघडून बघा. होज पाईपही बघा, जुना होज आतून फुगतो आणि तेल धड जाऊ देत नाही, कधी गेलेलं परत येऊ देत नाही, बाहेरून मात्र एकदम ठणठणीत दिसतो.

आता पार्ट. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसची दुकानं आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, इथं जुन्या दुकानदारांना विचारा, आणि काउंटरवरच्या पोराला नाही, मालकाला विचारा, कारण माळ्यावर काय पडलंय ते त्यालाच माहीत असतं. जाताना जुना पार्ट सोबत न्या, नुसतं 'फियाटचा द्या' म्हणू नका. जुना सीलबंद माल मिळाला तर लोखंडी वस्तू डोळे झाकून घ्या: शू, ड्रम, सिलिंडरची बॉडी. त्याच डब्यातला रबर मात्र फेकून द्या, पंचवीस वर्षं पडून राहिलेला कप (पिस्टनचं रबरी सील) कडक झालेला असतो, डबा कितीही ओरिजिनल असो. रबर किट नवंच, ओळखीच्या ब्रँडचं, पाकिटावर तारीख बघून.

तुमचे नवे सिलिंडर का गळले? स्वस्त कप, खरबरीत बोअर (सिलिंडरचं आतलं भोक), किंवा ड्रम इतका झिजलेला की पिस्टन गरजेपेक्षा बाहेर येतोय. व्हर्नियरनं बोअर मोजाच. १९.०५ मिमीच्या जागी २२.२ मिमीचा सिलिंडर बसला तर त्या चाकावर जोर साधारण ३६ टक्के वाढतो, मग गाडी ओढणार नाही तर काय होईल! एका अॅक्सलवर दोन्ही बाजूंना सारखेच सिलिंडर, सारखंच लायनर, नेहमी जोडीनं बदलायचं.

आणि माझं स्पष्ट मत, बॉडी धड असेल तर नवा डुप्लिकेट सिलिंडर घेण्यापेक्षा जुन्यालाच पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (आतून बसणारी नळी) बसवून घ्या. तुम्ही साताऱ्याचे, कोल्हापूर जवळच आहे, उद्यमनगरात असली कामं करणारे हुशार टर्नर आहेत. शूवर नवं लायनर तिथंच मारून मिळेल. ड्रम लेथवर घेणार असाल तर आधी टांगून हलकेच ठोका, खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर तडा गेलाय, त्यावर पैसे घालू नका. ड्रम टर्न केल्यावर आतला व्यास वाढतो, म्हणून शूचा गोलावाही त्याच्याशी जुळवून घासायला सांगा, नाहीतर लायनर मधेच टेकतं आणि टोकं कोरी राहतात. हे आपले लोक हमखास विसरतात. जुन्या लायनरची धूळ हवेनं उडवू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसा.

डिस्कचं म्हणाल तर तुम्ही ही गाडी घाटात शर्यतीला नेणार नाही ना? मग ड्रम नीट केले की पुरे.

प्रश्न : माझा मामेभाऊ इटलीत असतो. तिथून पद्मिनीचे ब्रेक पार्ट मागवले तर बसतील का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पद्मिनी मुळात फियाट ११०० डीच, तेव्हा तिथं त्या गाडीचं नाव सांगूनच शोधायला सांगा. पण आपल्याकडे ती पुढं कित्येक वर्षं बनत राहिली आणि मधे पार्ट बदलत गेले, त्यामुळे नावावर विसंबू नका. बोअर, शूची रुंदी, ड्रमचा व्यास आणि पाईपच्या नटाचे आटे, एवढं मोजून फोटोसकट भावाला पाठवा. ब्रेक ऑइल मात्र तिकडून आणू नका, इथलंच सीलबंद डॉट ३ किंवा डॉट ४ घ्या, उघडा डबा वर्षभर ठेवून परत वापरू नका, ते हवेतलं पाणी ओढतं.