पप्पा डोंगरात, पोरं चोपड्यात: फोनवर सातपुडा कसा सांगावा?

तुम्ही दोन महिने सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-तोरणमाळकडे कामाला, घरी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावात ५ आणि ९ वर्षांची मुलं. ती रोज विचारतात, "पप्पा, डोंगर कसा आहे?" आणि तुमचं उत्तर "लई मोठा, लई भारी" इथेच थांबतं.

भाऊ, "लई मोठा" म्हटल्यावर लेकराच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. त्याला माप लागतं, आणि ते त्याच्या घरातलंच हवं. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण १,१५० मीटरवर आहे. चोपडं खाली तापीच्या सपाटीवर, म्हणजे फरक नऊशे मीटरच्या वर. तीन मजली इमारत १० मीटरची धरली तर अशा नव्वद इमारती एकावर एक. मोठ्याला हे पटेल. धाकट्यासाठी मूठ वापरा: हात सरळ लांब करून मूठ डोळ्यांसमोर धरायला सांगा. पायथ्याच्या सपाटीवरून पाच किलोमीटर लांब उभं राहिलं की नऊशे मीटरचा डोंगर बरोबर त्या मुठीएवढा दिसतो. मुलाचा हातही लहान आणि मूठही लहान, त्यामुळे हिशेब चुकत नाही.

आकार सांगायला भाकरींची चवड पुरते. साधारण ६.५ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर पसरत गेला, त्याचाच हा काळा दगड. टणक थराचा सरळ कडा उरतो, मऊ थर झिजून उतार होतो. म्हणून डोंगराच्या अंगावर आडव्या पायऱ्या दिसतात. आईला चवडीतल्या भाकरी थोड्या पुढेमागे सरकवायला सांगा आणि पोरांना ती चवड बाजूने बघू द्या.

रोज एकच गोष्ट सांगा. पाच गोष्टी सांगितल्या की एकही लक्षात राहत नाही. एक दिवस सागाचं पान घ्या. मोठं पान तोंडासमोर धरलं तर तुमचा चेहरा झाकला जातो, वरची बाजू बोटाला खरखरीत लागते. कोवळं पान मिळालं तर व्हिडिओ कॉलवर तळहातावर जोरात चोळा, हात लालभडक होतो. पाच वर्षांच्या पोराला कुठल्याही शिखरापेक्षा हे जास्त आठवेल. दुसऱ्या दिवशी समोरच्या कड्याकडे हाक मारा आणि ती परत यायला किती सेकंद लागतात ते मोठ्याला मोजू द्या. दोन सेकंद लागले तर कडा ३४० मीटरवर, कारण आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो आणि त्याला जाऊन परत यायचं असतं.

फोटोत डोंगर टेकडीएवढा होतो ही सगळ्यांची तक्रार. मोबाइलची लेन्स लांबचं बारीक करते. दोनपट झूम करा आणि चौकटीत एसटी, माणूस किंवा गाय असं ओळखीचं काहीतरी येऊ द्या. भर दुपारी सावल्या नसतात आणि कडे सपाट दिसतात, म्हणून फोटो सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर काढा. व्हिडिओत कॅमेरा भरभर फिरवू नका, एका जागी दहा सेकंद धरा. आवाज पाठवताना वाऱ्याकडे पाठ करा, नाहीतर नुसता फरफराट ऐकू येतो.

दरीत रेंज जाते. त्यामुळे "आठ वाजता फोन करतो" असं कबूल करू नका, पोरं जागी राहून रडतात. दिवसा व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करून ठेवा, रेंज आली की जाईल. बिबट्या, दरड, घाटातलं वळण यातलं काही रात्री नको. लहानग्याला त्यात डोंगर दिसत नाही, धोक्यात अडकलेला बाप दिसतो.

आणि चोपड्याच्या गच्चीवरून उत्तरेला जी निळी रेघ दिसते, ती हीच रांग. पावसाळा संपल्यावर सकाळी ती स्वच्छ दिसते, उन्हाळ्यात धुळीत हरवते. मुलांना तिच्याकडे तोंड करून उभं करा, डावा हात पश्चिमेकडे धरायला लावा आणि सांगा, रांगेच्या त्या बाजूला पप्पा आहेत.