यीस्टवर काम करून कॅन्सरचं काय कळणार?

नमस्कार.

तुमचा शेंगदाण्याचा होलसेल व्यापार आहे, मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला यीस्टच्या जेनेटिक्समध्ये पीएच.डी. करायची आहे, तीही शेंगदाण्यातल्या विषावर, असं तुम्ही लिहिलंत. तुमचा प्रश्न रास्त आहे : कॅन्सरवरच काम करायचं, तर पाव फुगवणाऱ्या यीस्टवर कशाला? आणि पोटापाण्याचं काय?

ते विष तुमच्या ओळखीचंच आहे. ओल लागलेल्या पोत्यात दाण्यांवर हिरवट बुरशी चढते, तिच्यातून ॲफ्लाटॉक्सिन तयार होतं. युरोपात थेट खाण्याच्या दाण्यांत किलोमागे 4 मायक्रोग्रॅमच्या वर ते चालत नाही. 1974 साली गुजरात-राजस्थानच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेल्या मक्यातून विषबाधा झाली आणि शंभराहून जास्त माणसं दगावली. रोज थोडं थोडं पोटात जात राहिलं तर लिव्हरचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो.

आता यीस्टकडे येतो. ॲफ्लाटॉक्सिन खरं घातक होतं ते लिव्हरमध्ये. तिथलं एक एन्झाइम त्याचं रूप पालटतं आणि मग ते डीएनएला जाऊन चिकटतं. यीस्टकडे हे एन्झाइम नसतं, म्हणून अमेरिकेत अल्बनीच्या शास्त्रज्ञांनी त्या एन्झाइमचा माणसाचा जीनच यीस्टमध्ये घातला. यीस्टचे सुमारे पाच हजार स्ट्रेन, म्हणजे वाण, तयार मिळतात, प्रत्येकात एकेकच जीन काढून टाकलेला. ते सगळे विषात वाढवायचे. जो स्ट्रेन मागे पडला, त्यातला काढलेला जीन पेशीला वाचवत होता, असा माग लागतो. असे बरेच जीन डीएनए दुरुस्तीचे निघतात आणि त्यांतल्या अनेकांचे भाऊबंद माणसातही आहेत. यीस्टची पेशी दीड-दोन तासांत दुप्पट होते, म्हणून हजारो जीन तपासणं आवाक्यात येतं. उंदरांवर हे करायला आयुष्य पुरणार नाही.

प्रत्यक्षात हे काम कसं दिसतं, तेही सांगतो. विषात ठेवलेल्या यीस्टचे पाच थेंब अगारच्या, म्हणजे यीस्ट वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर ओळीत टाकायचे, प्रत्येक पुढचा थेंब आधीच्यापेक्षा दहापट पातळ. दोन दिवसांनी साध्या, एकही जीन न काढलेल्या स्ट्रेनचे पाचही ठिपके सायीसारखे उमटलेले असतात. शेजारच्या ओळीत, जीन काढलेल्या स्ट्रेनचे, दोनच ठिपके दिसले, की सापडलं काहीतरी! मग तोच प्रयोग पुन्हा, आणखी एकदा पुन्हा. हे करताना जिचा जीव रमतो, तिनेच या वाटेला जावं. ‘कॅन्सरवर संशोधन’ हे शब्द भारी वाटतात म्हणून जाऊ नये.

पैशांचं स्पष्ट सांगतो. एम.एस्सी.साठी जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल, पुढे पीएच.डी.साठी नेट ही परीक्षा. तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये आणि वर नियमाप्रमाणे घरभाडं. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं सहज जातात, आणि कायमच्या जागा मोजक्याच निघतात. वयाच्या तिशीपर्यंत घराने धीर धरायला हवा. मात्र वाट अर्ध्यात सोडली तरी शिकलेलं वाया जात नाही. नव्या औषधाने डीएनए बिघडतो का, हे तपासणाऱ्या लॅब आहेत, निर्यातीच्या मालात ॲफ्लाटॉक्सिन मोजणाऱ्या लॅब आहेत. एम.एस्सी.वर तिथे नोकरी मिळू शकते. माझ्या मते हा आधार खरा आहे, म्हणून मी तिला अडवणार नाही.

फक्त आत्ताच हो-नाही ठरवू नका. देशातल्या विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप असते, दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा, पात्रता नीट वाचून तिला अर्ज भरायला लावा. शिवाय पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत किंवा खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात डीएनए दुरुस्तीवर किंवा यीस्टवर कोण काम करतं ते तिने स्वतः शोधावं आणि स्वतःच मेल लिहावा, तुम्ही नाही. दहा मेलना उत्तर येणार नाही, अकरावा पाठवायचा.

परत आल्यावर तिला काय केलंस हे विचारू नका, प्रयोग फसला तेव्हा काय केलंस ते विचारा. तिचं उत्तर मला कळवा, मग एम.एस्सी. कुठे करायची ते ठरवू.