बी.कॉम. नंतर एम.ए. मराठी केलं तर वृत्तं, छंद नीट शिकायला मिळतात का, की वेळ वाया जातो?

शिकायला मिळतात, पण तुम्हाला वाटतंय तेवढे नाहीत. आणि कविता लिहायला तर कुणीच शिकवत नाही.

तुम्ही लिहिलंय की चार वर्षं कविता करताय, एका काव्यवाचनात कुणीतरी 'हे वृत्तात नाही' म्हणून सगळ्यांसमोर टोकलं आणि ते डोक्यातून जात नाहीये. मी मराठीत एम.ए. केलं, आता कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. तेव्हा अनुभवाचं तेवढं सांगते.

प्रवेशाची काळजी करू नका. बऱ्याच विद्यापीठांत कुठल्याही शाखेच्या पदवीधराला एम.ए. मराठीला घेतात. आमच्या वर्गात एक बी.एस्सी.वाला होता आणि भाषाविज्ञानात तो आम्हा सगळ्यांच्या पुढे असायचा. नोकरी हे मात्र कारण धरू नका. सेट-नेट (प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षा) होऊनही तासिका तत्त्वावर वर्षं काढणारे माझे मित्र आहेत.

दोन वर्षांत काय असतं? साहित्यशास्त्र (रस, ध्वनी, वक्रोक्ती), भाषाविज्ञान, मध्ययुगीन वाङ्मय, अर्वाचीन वाङ्मय, एखादा लेखक नेमलेला. छंदांना माझ्या वेळी सगळे मिळून आठ-दहा तास मिळाले असतील. तेही फळ्यावर. 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र पाठ करायचं, त्यातली लागोपाठची तीन-तीन अक्षरं उचलायची की आठ गण मिळतात: यमाता म्हणजे लगागा, मातारा म्हणजे गागागा, असं पुढे ('ल' म्हणजे लघु, आखूड अक्षर; 'गा' म्हणजे गुरू, लांब अक्षर). मग परीक्षेत 'मंदाक्रांतेचे लक्षण व उदाहरण द्या'. मी 'मंदाक्रांता म्हणति तिजला वृत्त ते मंद चाले' ही ओळ लिहून, खाली तिचे गण, मभनततगग, मांडून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. ती ओळ चालते कशी, पहिल्या चार गुरूंवर रेंगाळून मग पाच लघूंवरून घसरते कशी, हे तेव्हा माझ्या कानाला कळलेलंच नव्हतं. स्वतःचंच लक्षण सांगणारी ओळ आहे, तरी नाही.

कळलं ते ग्रंथालयात. तिथे पुस्तकं काढून देणारे एक मामा होते, माळकरी. मी वहीत तुकोबांचा अभंग उतरवून घेत होते आणि घाईत लिहिलं, 'कर कटावरी ठेवून'. मामांनी ते वरून वाचलं आणि म्हणाले, "पोरी, लंगडतंय बघ. ठेवोनिया." मी अक्षरं मोजली. सुंदर ते ध्यान, सहा. उभे विटेवरी, सहा. कर कटावरी, सहा. ठेवोनिया, चार. माझ्या 'ठेवून'मध्ये तीनच. मोठ्या अभंगाचं हे माप, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, हे मी दोन दिवसांपूर्वीच टिपून घेतलं होतं. मामांनी ते जन्मात कधी मोजलं नव्हतं. त्यांच्या हातात टाळ होते, एवढंच.

तेव्हापासून प्रत्येक गोष्ट मोठ्यानं म्हणून बघायची सवय लागली आणि अभ्यासक्रमातली मजा तिथून सुरू झाली. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' म्हणजे लगागा चार वेळा, भुजंगप्रयात. लहानपणी म्हणून म्हणून ते अंगात आधीच मुरलेलं असतं. 'सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची । ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची' हे शाळेत सगळ्यांनी ऐकलंय. मात्रा मोजा, लघूची एक, गुरूच्या दोन: १२ आणि १८, पुन्हा १२ आणि १८. म्हणजे मोरोपंतांच्या आर्येची ही तारीफ आर्येच्या मापातच (नीट म्हणायचं तर गीती या तिच्याच प्रकारात) बसवलेली आहे. हे कळलं त्या दिवशी बसमध्ये मी एकटीच हसत होते.

मर्ढेकरांचं 'पिपांत मेले ओल्या उंदिर' अजून बरेच जण मुक्तछंद, म्हणजे ठरलेलं माप नसलेली कविता, समजून वाचतात. मोजलं तर आठ अधिक आठ, सोळा मात्रांचं पादाकुलक निघतं. उंदीर पिपात मेलेत आणि ठेका मात्र बडबडगीतासारखा चाललाय. अंगावर काटा येतो तो त्यामुळेच. असं दाखवून देणारा एखादा प्राध्यापक मिळाला तर दोन वर्षं सत्कारणी लागली समजा. मिळेलच असं नाही.

एक गोष्ट वर्गात हमखास अर्धवट शिकवली जाते, म्हणून इथेच सांगते. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, हा नियम सगळे पाठ करतात. मराठीत तो आंधळेपणानं लावता येत नाही. 'सज्जना'मधल्या 'स'वर आघात येतो, तो गुरू. पण 'तुझ्या'मधला 'तु' किंवा मर्ढेकरांच्याच पुढच्या ओळीतल्या 'पडल्या'मधला 'ड' म्हणून बघा, जीभ तिथे थांबत नाही. ते लघूच राहतात. तुमच्या त्या काव्यवाचनातल्या गृहस्थांना हे ठाऊक होतं का, मला शंका आहे.

गझलेसाठी विद्यापीठाच्या भरवशावर राहू नका. मतला, काफिया, रदीफ, अलामत ही गझलेची अंगं; ते सगळं सुरेश भटांच्या 'गझलेची बाराखडी'तून जितकं स्वच्छ कळतं, तितकं मला कुठल्या तासाला कळलं नाही. वृत्तांसाठी माधव जूलियनांची 'छंदोरचना' मिळवा, १९३७ची सुधारलेली आवृत्ती. जड पुस्तक आहे, सलग वाचू नका, शब्दकोशासारखं उघडत जा. हा माणूस फारसी शिकवायचा. मराठी गझलेला आणि मराठी छंदःशास्त्राला एकाच हातानं वळण लागलं ते काही उगाच नाही. आणि वृत्त सोडायचं असेल तर सोडणाऱ्यांचंही वाचा. कवी अनिलांनी मुक्तछंद रुजवला आणि पुढे स्वतःच दहा ओळींची दशपदी बांधली.

मग एम.ए. करावं का? नुसती वृत्तं हवी असतील तर नको, वरची दोन पुस्तकं आणि सहा महिने पुरतात. ज्ञानेश्वरीपासून आजपर्यंतचं सगळं, आवडो न आवडो, दोन वर्षं नेटानं वाचायचं असेल तर जरूर करा. एकट्यानं आपण फक्त आवडीचं वाचतो. नामदेव ढसाळ आणि मोरोपंत एकाच आठवड्यात वाचायची वेळ मला परीक्षेमुळेच आली.

आता तुम्ही पाठवलेल्या दोन ओळी. 'पावसाला सांग आता थांब थोडा' ही गालगागा गालगागा गालगागा अशी चोख आहे, मंजुघोषा वृत्त, आणि ते तुम्हाला न कळता साधलंय. आणखी एक गालगागा जोडलं की व्योमगंगा. 'अजून माझी वाट ओली आहे' ही मात्र पहिल्याच अक्षराला अडते, कारण 'अ' लघु आणि तिथे हवा गुरू. शेवटीही माप तुटतं. 'वाट माझी आज आहे फार ओली' केलं तर मापात बसते, पण 'अजून'मधली तुमची कुरकुर जाते आणि 'फार' तर सरळ भरतीचं आहे. नुसता 'अजून' लगाल होतो, तो मधे बसणार नाही; 'अजूनी' करून कुठे बसतोय का ते बघा, गालगागातला 'ल' धरून. जमलं तर इथेच खाली लिहा.