वाचकांचे प्रश्न : क्रूझ कंट्रोल बदलण्याआधी ब्रेकलाइट तपासा

प्रश्न : माझ्या टूरिंग मोटरसायकलला आधीच्या मालकाने व्हॅक्यूमवर (इंजिन हवा ओढतं तेव्हा तयार होणाऱ्या ओढीवर) चालणारं क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप कायम राखणारं यंत्र, बाहेरून बसवून घेतलं होतं. लांब चढावर वेग पडायचा, सपाटीला मात्र छान चालायचं. टेललाइटला एलईडी बल्ब टाकल्यापासून क्रूझ लागतच नाही. मेकॅनिक म्हणतो, युनिट गेलं. नवीन घेताना तसंच घ्यावं का?

उत्तर : आधी जुना फिलामेंटचा बल्ब परत लावा आणि एक फेरी मारून या. माझा संशय त्या एलईडीवरच आहे. अशा बऱ्याच युनिटांचा कंट्रोल बॉक्स टेललाइटमधल्या ब्रेकलाइटच्या वायरवर लक्ष ठेवून असतो. ब्रेक मोकळा असताना त्या वायरला फिलामेंटमधून अर्थ मिळते, दाबला की १२ व्होल्ट येतात. एलईडीतून ती अर्थ पोहोचत नाही; बॉक्स समजतो की ब्रेकची वायर तुटली, आणि क्रूझ लागूच देत नाही. ते योग्यच आहे. कोणी ही वायर कायमची अर्थ करून देतो म्हणाला, तर कृपा करून गाडी त्याच्या हाती देऊ नका. ब्रेक दाबूनही क्रूझ सुटणार नाही.

एलईडी ठेवायचाच असेल तर पाच पिनांचा रिले (विजेवर चालणारा स्विच) लावा. बॉक्सची ब्रेकची वायर बल्बपासून सोडवून ३० नंबरच्या पिनला द्या. ८७ए अर्थला, ८७ ला फ्यूजमधून १२ व्होल्ट. कॉइलची ८६ ब्रेकलाइटच्या वायरला, ८५ अर्थला. मग बॉक्सच्या वायरवर मल्टिमीटर लावून पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून पाहा. दोन्ही वेळा १२ व्होल्ट दिसलेच पाहिजेत.

चढावरची तक्रार वेगळी. थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) जितका उघडतो तितका इंजिनातला व्हॅक्यूम कमी होतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच सर्व्होची, म्हणजे थ्रॉटल ओढून धरणाऱ्या भागाची, ताकद जाते. त्यासाठीच व्हॅक्यूमच्या साठ्याचा डबा आणि तो साठा परत जाऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह असतो. इंजिन बंद करून मिनिटभराने डब्याची सर्व्होकडची नळी काढा. ‘फुस्स’ असा आवाज आला तर साठा टिकतोय. काहीच आवाज नसेल तर व्हॉल्व्ह तरी गेलाय, नाहीतर इंजिनाच्या उष्णतेने नळी कडक होऊन टोकाशी चिरलीय. नळीचं टोक वाकवून बघा, चीर लगेच दिसते.

एवढं करूनही युनिट खरंच गेलेलं निघालं, तर मी इलेक्ट्रिक मोटरच्या सर्व्होचं घ्या म्हणेन. त्याला व्हॅक्यूम लागत नाही, चढावर ते दमत नाही. (तुमचा थ्रॉटल केबलचा आहे म्हणून हे, राइड-बाय-वायर, म्हणजे केबलऐवजी विजेच्या संदेशावर थ्रॉटल चालणाऱ्या गाडीला सर्व्हो लागतच नाही, तिथे मुठीचा सेन्सर आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) यांच्यामध्ये मॉड्यूल बसतं.) मूठ अडकवून ठेवणारा थ्रॉटल लॉक मात्र क्रूझच्या जागी घेऊ नका, ब्रेक दाबला तरी तो सुटत नाही.

जोडणीत सगळ्यात जास्त वेळ केबलला द्या. सर्व्होच्या केबलला किंचित ढील हवी. इंजिन आयडलिंगला ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा, रेस जराही वाढता कामा नये. मूठ सोडली की थ्रॉटल झटकन मिटला पाहिजे. पहिली चाचणी कोरड्या, सरळ, मोकळ्या रस्त्यावर घ्या, अंगठा किल स्विचजवळ ठेवा. क्रूझ लागल्या लागल्या आधी पुढच्या ब्रेकने सोडवा, मग मागच्या ब्रेकने.