प्रतिस्पर्ध्यांचा पुरवठादारच विकत घेतला तर?

प्रश्न : एनव्हिडिया आर्म कंपनी विकत घेणार होती. त्यात एवढं बिघडणार काय होतं? – एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, मी जळगावात गोलाणी मार्केटात रोज मोबाइल उघडतो. भिंगाखाली चिपवर क्वालकॉम, मीडियाटेक अशी नावं दिसतात. आतला आराखडा मात्र आर्मचाच. आर्म तो सगळ्यांना परवान्यावर देते, स्वतः चिप विकणाऱ्या एनव्हिडियालाही. सावद्याच्या केळीवाल्यांना रोपं देणारी नर्सरीच त्यांच्यातल्या एका बागायतदाराने घेतली, तर बाकीच्यांनी लागवडीच्या वेळी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? २०२० मध्ये ४० अब्ज डॉलरचा सौदा ठरला. क्वालकॉमने विरोध केला, बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सौदा थांबवायला दावा लावला, फेब्रुवारी २०२२ मध्ये सौदा मोडला. फार बरं झालं. नाहीतर चांगली रोपं आधी त्या एका बागायतदाराच्याच मळ्यात गेली असती.