मोबाइल काढून घेतला की अंगावर येतो

शाळा बंद होत्या त्या काळात पालकांकडून मी सगळ्यात जास्त ऐकलेला प्रश्न : मुलाला मोबाइलचं व्यसन लागलंय का? अजूनही सुट्ट्या लागल्या की तो येतोच, म्हणून तेव्हाचं एक घर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

2020चा गणपतीचा सुमार. पिंपरी-चिंचवडमधल्या एका आईचा फोन आला. घर दोन खोल्यांचं, म्हणून बोलायला त्या गच्चीवर आल्या होत्या. मुलगा आठवीत, मुलगी चौथीत. वडील भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये, लॉकडाउनपासून पगार अर्ध्यावर. "मॅडम, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल. सकाळी क्लासला हजेरी लावतो, कॅमेरा बंद करतो आणि झोपतो. परवा यांनी हिसकावून घेतला तर अंगावर धावून गेला. असा नव्हता हो तो."

मी विचारलं, दिवसभरात मोबाइल कधी कोणाकडे असतो? स्मार्टफोन घरात एकच. सकाळी मुलाचे तास, दुपारी मुलीचे, संध्याकाळी वडिलांची कामं. मुलाच्या वाट्याला उरायची फक्त रात्र. मैदान बंद, सोसायटीत खाली उतरायला बंदी. मित्र भेटायचे ते गेममध्ये, तेही सगळे निजल्यावर. याला लगेच व्यसन म्हणायला माझं मन तयार होईना.

मुलगा आधी हूं-हूं करून फोन आईकडे द्यायचा. मग एकदा म्हणाला, "फी भरायला पैसे नाहीत. माझी शाळा बंदच करणार आहेत. मग तास कशाला करू?" रात्री आईवडिलांची कुजबुज त्याने अंथरुणातून ऐकली होती. अर्धंच ऐकलं, उरलेलं मनाने भरलं, आणि कितीतरी दिवस ते एकट्याने वागवलं.

वडिलांना हे पटायला वेळ लागला. "पोरांना पैशाचं कशाला सांगायचं?" माझं मत याउलट आहे. घरातली काळजी मुलांपासून लपत नाही. मुलांना कळत नाही तो फक्त तिचा आकार, आणि मग ती आहे त्याहून मोठी वाटते. शेवटी रविवारी जेवताना ते बोलले : पगार अर्धा झालाय, फीचे हप्ते मागितलेत, शाळा सुटणार नाही. एवढंच. मुलाने लगेच विचारलं, "किती हप्ते?" त्या दिवशी बापलेक बऱ्याच दिवसांनी नीट बोलले.

मोबाइलचं ठरवलं ते यानंतर. संध्याकाळचा एक तास मित्रांसाठी, हक्काचा. त्यात कोणी डोकवायचं नाही. रात्री मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. उठायचं रोज सातला, रविवारीही. लवकर झोप म्हणून कोणी झोपत नाही, पण उठायची वेळ पाळली की आठ-पंधरा दिवसांत रात्रीची झोप हळूहळू लवकर यायला लागते. पहिल्या आठवड्यात चिडचिड वाढली, आईने पुन्हा फोन केला, मी धीर धरायला सांगितलं. भांडणं पूर्ण थांबली नाहीत. पण धावून जाणं थांबलं आणि कॅमेरा अधूनमधून सुरू व्हायला लागला.

प्रत्येक घरात एवढ्यावर भागत नाही. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, जेवणखाण आणि मित्रही सोडले असतील, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखवा. "मी नसलेलाच बरा" असं काही बोललं तर त्याच दिवशी, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका. तेव्हा नव्हती, पण आता सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे : 14416. ती चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.