टीप मिळते, मग पगार कशाला?

अनेक आशीर्वाद.

मॅनेजर झाल्याचं वाचून फार आनंद झाला. पहिल्याच महिन्यात पेच पडला म्हणतोस. वेटर पगारवाढ मागतायत आणि मालक म्हणतात, त्यांना टीप मिळते की. माझं मत विचारलंस म्हणून स्पष्ट लिहितो. मालकांचं हे म्हणणं मान्य करू नकोस.

टीप गिऱ्हाईक देतं, आपल्या खुशीनं. पगार मालकानं द्यायचा असतो, कामाबद्दल. टीपकडे बोट दाखवून पगार कमी ठेवला की मालकाचं देणं परस्पर गिऱ्हाइकाच्या मर्जीवर जातं. अमेरिकेत पाहा. तिथे टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं स्वतः द्यायची केंद्रीय किमान मजुरी १९९१पासून ताशी २.१३ डॉलरवर अडकली आहे. टीप धरून ताशी ७.२५ डॉलर, म्हणजे तिथली पूर्ण केंद्रीय किमान मजुरी, भरली नाही तर फरक मालकानं द्यायचा, असा कायदा आहे. पण तो फरक मागायचा कोणाकडे? पुढच्या आठवड्यात चांगली शिफ्ट कोणाला द्यायची हे जो ठरवतो, त्याच्याचकडे. कितीजण मागतील? कॅलिफोर्नियात मात्र ही सवलत नाही. तिथे पूर्ण किमान मजुरी द्यावी लागते, टीप वेगळी, आणि हॉटेलं तिथेही चालतात.

टीप नसेल तर पोरं कामात ढिली पडतील, असंही तुला ऐकवतील. जपानमध्ये टीपची रीतच नाही. ठेवलीस तर बहुतेकदा परत आणून देतात. तिथल्या सेवेला कोणी नावं ठेवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. टीपवर जिचं घर चालतं, ती मुलगी गिऱ्हाइकाचं अचकटविचकट बोलणं हसून सोसते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एकदा एकानं बिलाच्या फोल्डरवर हात दाबून धरला होता. आधी नंबर सांग, मगच टीप. ती हसली. आत आली तेव्हा ट्रे हातात थरथरत होता. पगारात भागत असतं तर फोल्डर तसाच सोडून ती निघून आली असती.

वाटणीचंही बघ. नऊ वर्षं मी वेटर होतो. रात्री शटर अर्धं खाली आलं की टीपचा डबा टेबलावर उपडा करायचा, चिल्लर एकीकडे, नोटा एकीकडे. मोरीवरचा माणूस दारात उभा राहायचा, साबणाच्या पाण्यानं बोटं पांढरी पडलेली. जवळ येत नसे. त्यानं घासलेल्या ताटांत आम्ही वाढायचो आणि वाटणीत त्याचं नाव नसायचं. मीही कधी विचारलं नाही. त्याची खंत अजून आहे.

म्हणून वाटणीचा नियम कागदावर लिही आणि सगळ्यांना दिसेल असा लाव. कार्डावर आलेली टीपही त्यात धर. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४पासून हा कायदाच आहे. मालकाला टीपमधला एक पैसाही कापता येत नाही, वाटणी न्याय्य लागते आणि धोरण लेखी असावं लागतं. बिलावर सेवाशुल्क लावत असाल तर तेही कामगारांपर्यंत पोचायला हवं, कारण देणारा त्याच समजुतीनं देतो.

पगार वाढवायला पैसे कुठून आणू, असं मालक विचारतील. मेनूकार्डावरचे दर वाढवा म्हणावं, उघडपणे. एका झटक्यात जमलं नाही तर दोन टप्प्यांत करा, पण तारखा आधी जाहीर करा. हिशेब करताना टीप शून्य धर आणि नुसत्या पगारात वेटरचं घरभाडं, पोरांची शाळा निघते का ते तपास. हॉटेल रिकामं राहिलं त्या दिवशीही तो पूर्ण वेळ उभाच असतो.

आज रात्री डबा उघडाल तेव्हा आधी मोरीवरच्याला हाक मार. त्याचं पूर्ण नाव विचार आणि यादीत लिही. यादी झाली की मला पाठव.

तुझा,
काका